पहिल्या क्रमांकानंतरचे आयुष्य

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकचा निकाल लागला, तेव्हा यादीत सर्वांत वर एका मुलीचे नाव होते. तोवर असे कधी घडले नव्हते. मुंबई इलाखा तेव्हा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला. एवढ्या मुलखातली मुले ज्या परीक्षेला बसत, तिच्यात पुण्याच्या हुजूरपागेतली एक मुलगी पहिली आली. तिचे नाव रेबेका रूबेन. समाज बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून वर आलेले मराठी बोलणारे ज्यू. त्या काळच्या मराठी मुलीला मॅट्रिकपर्यंत पोचणे हेच दुर्मीळ होते. एका मूठभर समाजातल्या मुलीने साऱ्या इलाख्याला मागे टाकावे, ही तर केवढी मोठी गोष्ट!

पुण्याला निकालांचे भारी वेड. पहिला कोण आला हे आपण वर्षानुवर्षे ध्यानात ठेवतो. पुढे त्या माणसाचे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते. रेबेका रूबेन यांच्या बाबतीत ते विचारायलाच हवे, कारण त्यांचे खरे कर्तृत्व निकालाच्या दिवसानंतरचे आहे. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी मुंबईतल्या एका लहानशा ज्यू शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. ज्या बुद्धीला कुठलेही दार उघडले असते, ती त्यांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी वेचली. सिंहगड रस्त्यावरच्या धायरीत राहणाऱ्या माझ्यासारखीने हे चरित्र का सांगावे, त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच. सुरुवात मात्र लक्ष्मी रस्त्यावरून करायला हवी.

हुजूरपागेच्या मुली

लक्ष्मी रस्त्यावर जिथे पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती, तिथे आज मुलींची शाळा आहे. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी १८८४ साली ती सुरू केली. विल्यम वेडरबर्न यांनी तिला देणगी दिली. मुलींना मुलांसारखाच इंग्रजी अभ्यासक्रम द्यावा की नाही, यावर पुण्यात वर्तमानपत्री लढाया झाल्या आणि 'केसरी'ने या शाळेच्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली. तरीही शाळा चालली, आणि तिच्या वसतिगृहामुळे दूरदूरच्या मुलींना पुण्यात राहून शिकता आले.

रेबेका त्यांतल्याच एक. जन्म १८८९ चा. वडील एझ्रा रूबेन जुनागढ संस्थानात मोठ्या न्यायाधिकारपदावर होते, म्हणजे घरात शिक्षण होते आणि मुलीला शिकवायची इच्छाही होती. पण इच्छा असली तरी शाळा हवी असते, आणि ती पुण्याने दिली. त्याच सुमारास त्याच शाळेत आणखी एक बेने इस्राएल मुलगी शिकत होती, जेरुशा झिराड. त्यांचे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले. एकीने पुढे शाळा चालवली, दुसरीने इस्पितळ. एका लहान समाजातल्या दोन असामान्य स्त्रिया एकाच शाळेच्या आवारातून निघाल्या, याचे श्रेय त्यांच्या घरांइतकेच हुजूरपागेलाही आहे. जात आणि धर्म न पाहता मुलींना बाकावर बसू देणाऱ्या शाळा तेव्हा किती होत्या, हे आठवले की त्या श्रेयाचे मोल कळते.

मॅट्रिकनंतर रेबेकांनी पदवी घेतली आणि त्या इंग्लंडला गेल्या. तिथे अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेतले, केंब्रिजला हिब्रूचा अभ्यास केला. प्रार्थनेची भाषा जिथे शतकानुशतके पुरुषांनीच शिकायची आणि शिकवायची, तिथे एका मराठी मुलीने ती विद्यापीठात बसून शिकावी, यात एक निश्चय दिसतो. आपल्या समाजाला काय हवे आहे, हे त्यांना ठाऊक होते.

शेमा तेवढा उरला होता

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले. ग्रंथ समुद्रात गेले. मग शेकडो वर्षे हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. सुंता, शनिवारचा शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम, थोडे सण आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. त्या सणांना त्यांनी मराठी नावे दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस. त्या दिवशी कोकणातल्या ज्यू घरी वालाचे बिरडे शिजे. इतिहास विसरला तरी चुलीवरच्या भांड्याने दिवस लक्षात ठेवला, आणि ते भांडे बायकांच्या हातात होते.

म्हणून या समाजात धर्मशिक्षणाला दुसरीकडे असते त्याहून वेगळे वजन आहे. इतर देशांतले ज्यू आपल्याकडे असलेले पुढच्या पिढीला देत होते. बेने इस्राएलांना आपलेच हरवलेले आधी मिळवायचे होते. कोचीनहून शिक्षक आले, पुढे अरबस्तान आणि बगदादकडचे ज्यू आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हेतू वेगळा असला, तरी त्यांच्याकडूनही हा समाज बरेच शिकला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत लिहिले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, मोठी होऊन तिथेच मास्तर झाली, आणि बायबलचा जुना करार मराठीत वाचताना त्यांना आपल्या पूर्वजांची नावे सापडली. विल्सनसाहेबांना ही मंडळी ख्रिस्ती व्हावी असे वाटत होते. ती अधिक पक्की ज्यू झाली.

यात पुण्याचाही वाटा आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात वाचायच्या पुस्तकाला हगादा म्हणतात. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात मराठी अनुवादासह एक हगादा छापला गेला. जगभरचे ज्यू ग्रंथसंग्राहक आज तो मौल्यवान मानतात, त्याचे एक कारण त्यातली चित्रे. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका त्यात साडी नेसलेल्या आहेत. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा हिब्रूत आणि मराठीत, छापखाना एका अग्निहोत्र्यांचा, आणि चित्रात लुगड्यातल्या कोकणी बाया. ज्यू शिक्षणाने या मातीत कोणते रूप घेतले, हे सांगायला ते एक पान पुरे आहे.

जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हिब्रू कथा सांगणारी कीर्तनेही १८८० च्या सुमारास सुरू झाली: अब्राहाम, मोशे, एलिया यांची आख्याने आपल्या चालीत. कीर्तन हे प्रौढांचे शिक्षण होते. मुलांसाठी शाळा हवी होती.

मुंबईतली एक शाळा

ती शाळा उभी केली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. मूळ गाव अलिबागचे किहीम. बंधू आणि मित्रांच्या साथीने त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने तिला मदत केली. १८९२ मध्ये तिचे हायस्कूल झाले. इंग्रजी, मराठी, हिब्रू आणि सरकारी अभ्यासक्रम, असा चौफेर भार त्या मुलांवर होता. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. त्यांनी तो १८९७ मध्ये पुरा केला, आणि तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये. लिहून झालेले पुस्तक चाळीस वर्षे पडून राहते, पण शाळा एक दिवसही पडून राहू शकत नाही. ती रोज सकाळी कुणाला तरी उघडावी लागते.

मुंबईतले बेने इस्राएल तेव्हा श्रीमंत नव्हते. ससून घराण्याचे वैभव बगदादी ज्यूंचे. कोकणातून आलेला बेने इस्राएल माणूस रेल्वेत, सरकारी कचेरीत, पलटणीत, इस्पितळात नोकरी करी. पगार ठरलेला, घर चाळीतले. अशा घरातल्या मुलासाठी मॅट्रिकचे सर्टिफिकेट म्हणजे पोट, आणि हिब्रूचा तास म्हणजे ओळख. दोन्ही एकाच शाळेने द्यायचे, तेही परवडणाऱ्या फीमध्ये. अशी शाळा चालवणारा माणूस मास्तर असतो, कारकून असतो, देणगीसाठी पत्रे लिहिणारा असतो आणि पालकांच्या भांडणातला पंचही असतो.

१९२२ मध्ये हे काम रेबेका रूबेन यांनी हाती घेतले. तोवर त्या समाजाला परिचित होत्या. १९१७ पासून काही वर्षे त्यांनी 'बेने इस्राएल अॅन्युअल अँड इयर बुक' संपादित केले. १९१७ हे वर्ष बेने इस्राएलांच्या सार्वजनिक जीवनात मोठे. त्या वर्षी त्यांची पहिली परिषद भरली आणि पाठोपाठ अखिल भारतीय इस्राएली लीगही स्थापन झाली. दोन संस्था, दोन मते, बरेच वाद. अशा वेळी तिशीही न गाठलेली एक स्त्री वार्षिक काढून समाजाच्या संस्था, माणसे आणि प्रश्न यांची नोंद करीत होती. दिवाळी अंकाची परंपरा जपणाऱ्या मराठी वाचकाला यातली मेहनत समजावून सांगायला नको. लेख मागायचे, पुन्हा मागायचे, जाहिराती जमवायच्या, मुद्रिते तपासायची आणि वेळेवर अंक बाहेर काढायचा. वार्षिकाचे संपादन ही तेव्हा समाजसेवाच होती, कारण त्यातून पैसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

अठ्ठावीस वर्षे

मुख्याध्यापकाच्या आयुष्यात सांगण्यासारख्या घटना कमी असतात. वेळापत्रक, हजेरीपट, निकाल, गळके छप्पर, न भरलेली फी. रेबेका रूबेन यांच्या अठ्ठावीस वर्षांतली मोठी घटना एकच, शाळेला सर एली कदूरी यांचा हात मिळाला. कदूरी हे बगदादचे ज्यू, शांघाय आणि हाँगकाँगमध्ये मोठे झालेले उद्योगपती. आपल्या पत्नीच्या, लॉरा यांच्या नावाने त्यांनी बगदादमध्ये मुलींच्या शाळेला मदत केली होती. त्यांच्या देणगीने १९३० च्या दशकात मुंबईच्या इस्राएली शाळेचे दिवस पालटले आणि तिचे नाव सर एली कदूरी हायस्कूल झाले. माझगावातली ही शाळा आजही त्याच नावाने ओळखली जाते.

दाराच्या कमानीवर देणगीदाराचे नाव कोरले गेले, ते योग्यच आहे. पण देणगीदार अशाच शाळेला पैसे देतो, जिथे पैसा नीट वापरला जाईल याची खात्री वाटते. ती खात्री मुख्याध्यापिकेच्या वर्षानुवर्षांच्या कामातून येते, आणि तिचा दगड कुठे बसवत नाहीत.

रेबेकाबाईंनी शाळांसाठी इंग्रजी वाचनमालाही लिहिली. मराठी घरातल्या मुलाला इंग्रजी कुठे अडते, हे त्यांना वर्गातून माहीत होते. त्यांच्या शाळेतल्या मुलाच्या तोंडी तीन भाषा होत्या: घरची मराठी, प्रार्थनेची हिब्रू, नोकरीची इंग्रजी. तिन्हींच्या लिप्या वेगळ्या, त्यातली एक उजवीकडून डावीकडे जाणारी. दहा वर्षांच्या मुलाने हे सारे सांभाळायचे, तर शिकवणाऱ्याला तिन्ही भाषांचा जिव्हाळा हवा. मॅट्रिकला इलाख्यात पहिली आलेली, केंब्रिजला हिब्रू वाचलेली, मराठी घरात वाढलेली बाई या कामाला मिळणे हे त्या मुलांचे भाग्य होते.

ज्यू शाळेचा आठवडा शब्बाथाभोवती बेतलेला असतो. शुक्रवारी सूर्यास्ताला दिवे लागतात आणि शनिवारी मावळतीनंतर पुन्हा कामाला सुरुवात होते. बाकीची मुंबई शनिवारी कामावर असते. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या बेने इस्राएल बापाला शनिवार पाळणे दिवसेंदिवस जड जात होते. घाणा बंद ठेवणे आपल्या हातात असते, साहेबाची कचेरी बंद ठेवता येत नाही. म्हणून शहरात आल्यावर शब्बाथ सांभाळण्याचे ओझे बरेचसे घरातल्या बायकांवर आणि शाळेवर आले. बापाला जे पाळता येत नव्हते, ते मुलाला निदान ठाऊक असावे, एवढी काळजी या शाळेने घेतली. हेच ज्यू शिक्षण. पोथी पाठ करून घेणे हा त्याचा एक भाग झाला. आपण कोण आहोत हे मुलाला लाज न वाटता सांगता येणे हा त्याहून मोठा.

१९५० मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९५७ मध्ये गेल्या.

बिनपगारी कामे

जेरुशा झिराड यांची वाट वेगळी. लहानपणी त्यांची बहीण आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन यांच्या हातून बरी झाली. तेव्हाच या मुलीने ठरवले, आपण डॉक्टर व्हायचे आणि याच इस्पितळाची प्रमुख व्हायचे. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिल्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इस्पितळाच्या कामातून वेळ काढून त्या समाजाच्या कामात राहिल्या. मुंबईत १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या बेने इस्राएल स्त्री मंडळाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ज्युइश रिलिजस युनियन स्थापन झाली. प्रार्थनेचा अर्थ समजला पाहिजे, बायकांना उपासनेत बरोबरीने भाग घेता आला पाहिजे, हा तिचा आग्रह. लंडनच्या लिली मॉन्टॅग्यू यांनी उदारमतवादी ज्यू चळवळीत केलेल्या कामाचा धागा तिच्याशी जुळलेला होता. युनियनचे 'रोडेफ शालोम' हे सिनेगॉग भायखळ्यात आहे.

स्त्री मंडळ म्हटले की लोणची-पापड आणि हळदीकुंकू एवढेच डोळ्यांपुढे आणणारे लोक असतात. या मंडळांनी काय केले ते नीट पाहायला हवे. विधवेच्या मुलाची फी भरणे, गरीब घरातले लग्न उरकून देणे, बाळंतिणीला डॉक्टरपर्यंत नेणे, सणाच्या आधी शिधा पोचवणे. लहान समाजात सरकार दूर असते आणि धर्मगुरूही कमी. बेने इस्राएलांत तर राब्बी नव्हतेच. हज्जान प्रार्थना सांगे आणि मुकादम कारभार पाही. या दोघांच्या कक्षेत न बसणारी माणसाची प्रत्येक अडचण शेवटी बायकांच्या मंडळाकडे येई. मोबदला कुणी मागत नसे. हे काम नोंदवहीत चार ओळींत मावते आणि प्रत्यक्षात आयुष्य खाते.

फिलाडेल्फिया, क्रॅकाव, मुंबई

ज्यू जगात ठिकठिकाणी बायकांनी हेच केले होते. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात रेबेका ग्रात्झ या बाईंनी १८३८ मध्ये हिब्रू संडे स्कूल काढले. तिथे शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रिया स्वयंसेवक होत्या आणि धडे मुलांना समजणाऱ्या इंग्रजीत दिले जात. तोवर धर्मशिक्षण म्हणजे पुरुष गुरू आणि पुरुष शिष्य. पोलंडमधल्या क्रॅकाव शहरात सारा शेनिरर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १९१७ मध्ये मुलींची एक छोटी शाळा सुरू केली. 'बेस याकोव' या नावाने पुढे तिच्या शेकडो शाखा झाल्या. सनातनी समाजातल्या मुलींनाही शाळेत धर्म शिकवायला हवा, हे तिने मोठमोठ्या धर्मगुरूंकडून मान्य करून घेतले. शेनिरर यांनी शाळा उघडली, त्याच वर्षी मुंबईत रेबेका रूबेन आपल्या वार्षिकाच्या कामाला लागल्या होत्या.

तिघींच्या परिस्थितीत फार अंतर आहे. पण एक गोष्ट तिघींनाही दिसली. समाज जेव्हा बदलत्या शहरात येतो, तेव्हा घरातून आपोआप मिळणारे शिक्षण थांबते. मग ते कुणीतरी मुद्दाम, ठरवून, वेळापत्रक लावून द्यावे लागते. हे काम करायला बायका पुढे आल्या, कारण घरात काय थांबले आहे हे सर्वांत आधी त्यांनाच कळले. मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे यांच्या प्रांतात ही गोष्ट घडली आणि तिच्या पहिल्या ओळी पुण्यातच लिहिल्या गेल्या.

बाक रिकामे होत गेले

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला. १९५१ च्या जनगणनेत भारतात वीस हजारांहून अधिक ज्यू होते, १९७१ मध्ये सहा हजारांच्या आत आले. कुणी त्यांना हाकलले नव्हते. भारतात ज्यूंना छळ सोसावा लागला नाही, हे बेने इस्राएल जगभर अभिमानाने सांगतात. धर्माची ओढ, नातेवाईक, नोकऱ्यांची चिंता अशा अनेक कारणांनी घरामागून घर निघाले. लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेबा या गावांत मराठी बोलणारी वस्ती झाली. तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते, महाराष्ट्र दिन साजरा होतो. तिथल्या सुरुवातीच्या काळात मात्र या मंडळींच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. लग्नाआधी वंशावळ तपासण्याची भाषा झाली. आंदोलन करून १९६४ मध्ये त्यांनी पूर्ण मान्यता मिळवली. तो लढा देणाऱ्या पिढीतले बरेच जण मुंबईच्या शाळांत हिब्रू शिकलेले होते. आपण कोण आहोत हे त्यांना कुणाकडून विचारून घ्यावे लागले नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २,४६६ ज्यू होते. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, आणि रास्ता पेठेतले बेने इस्राएलांचे सुक्कथ शेलोमो, अशी दोन सिनेगॉग आहेत. लाल देवळाचा उंच मनोरा पुणेकर बसमधून रोज पाहतात. रास्ता पेठेतल्या सिनेगॉगपाशी मात्र मुद्दाम जावे लागते.

माझगावच्या शाळेत आज बहुतांश मुले ज्यू नाहीत. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतही तेच चित्र, तिथे तर मुस्लिम मुलांची संख्या मोठी आहे. आपल्या मुलांसाठी काढलेली शाळा आपली मुले गेल्यावर बंद करता आली असती. मुंबईतल्या जागेचा भाव पाहता तो मोह साधा नाही. ज्यू विश्वस्तांनी शाळा चालू ठेवल्या. शाळेच्या दारावर ज्यू नाव आणि आत दुसऱ्याच धर्माची लेकरे, याला मी ज्यू शिक्षणाचा शेवट म्हणणार नाही. पाहुण्याला आणि परक्याला जपण्याची शिकवण ज्या धर्मात वारंवार येते, त्याचे शिक्षण तिथे पोचलेलेच आहे.

धायरीच्या साइटवर

धायरीत सिनेगॉग नाही. इथे धारेश्वराचे देऊळ आहे, गावठाण आहे, लहान-मोठे कारखाने आहेत आणि सगळीकडे बांधकाम आहे. २०१७ मध्ये गाव महापालिकेत आले. त्याच्या आधीपासूनच शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. धायरी फाट्यावरून आत वळले की क्रेन दिसतात, हिरव्या जाळ्यांनी झाकलेले मजले दिसतात, आणि कडेला पत्र्याच्या खोल्यांचे लेबर कॅम्प. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, छत्तीसगड-बिहारमधून आलेली कुटुंबे तिथे राहतात. आई पाट्या वाहते. सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाशेजारी बसते. इमारत पुरी झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते आणि मुलाची शाळा पुन्हा सुटते.

या मुलांची गोष्ट एका बेने इस्राएल स्त्रीपाशी जाऊन पोचते. मीरा महादेवन. जन्म १९३० चा, कराचीचा. माहेरचे नाव मिरियम जेकब मेंद्रेकर. गांधीविचारांत त्या रमल्या आणि त्यांनी टी. के. महादेवन यांच्याशी लग्न केले. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम दिल्लीत राजघाटाजवळ चालले होते. गांधींच्या नावाने चाललेल्या त्या कामावर मजुरांची तान्ही मुले धुळीत पडलेली त्यांनी पाहिली. त्यांनी तिथेच तंबू टाकून पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. कल्पना साधी आणि बिनतोड होती: मजूर फिरतो, तर शाळेनेही त्याच्यामागे फिरावे. साइटवरच एक खोली मागायची. तिथे तान्ह्यांना पाळणा, लहानग्यांना बालवाडी, मोठ्यांना शाळेची तयारी, एक वेळचे सकस जेवण आणि डॉक्टरांची तपासणी. आईला दूध पाजायला मधूनच येता आले पाहिजे, म्हणून जागा कामाजवळच हवी. मीराताई १९७७ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेल्या. त्यांचे काम मुंबईत आले आणि पुढे पुण्यातही. पुण्यात ते 'तारा मोबाइल क्रेशेस' या नावाने बांधकामांच्या साइटवर चालते.

मीराताई लेखिकाही होत्या. इस्राएलला जायचे की इथेच राहायचे, या तिढ्यात सापडलेल्या बेने इस्राएल कुटुंबावर त्यांनी हिंदीत कादंबरी लिहिली. ती १९७५ मध्ये 'शुलामिथ' या नावाने इंग्रजीत आली. स्वतःपुरते त्यांचे उत्तर ठरलेले होते. त्या इथे राहिल्या आणि ज्यांना घरच नाही, अशांच्या मुलांजवळ बसल्या.

बांधकाम मजुरांसाठीचा १९९६ चा कायदा सांगत होता की पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर हवे. पण मजूर ठेकेदारांत वाटलेले असतात. मस्टरवर बायकांची नावे कमी दिसली की कायदा त्या साइटला लागतच नसे. आजही ही मुले बिल्डरच्या सद्बुद्धीवर आणि स्वयंसेवकांच्या चिकाटीवर अवलंबून आहेत. आमच्या सोसायट्या ज्या हातांनी बांधल्या, त्या हातांच्या मुलांना आम्ही गेटबाहेर पाहतो. पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर आमच्या सभा तासन् तास चालतात. त्याच सभेत शेजारच्या साइटवर पाळणाघर आहे का, हे बिल्डरला विचारायला पाच मिनिटे पुरतात. निवृत्त शिक्षिका धायरीत खूप आहेत. त्यांच्यातल्या दोघींनी आठवड्यातून दोन दुपारी दिल्या, तरी एका साइटची मुले अक्षरओळखीपर्यंत पोचतात.

रेबेका रूबेन यांनी आपल्या समाजाच्या मुलांना शिकवले, मीरा महादेवन यांनी कुणाच्याच नसलेल्या मुलांना. पहिलीचे काम दुसरीहून संकुचित होते, असे मी मानत नाही. ज्या समाजाने 'शेमा'ची एक ओळ जपून ठेवली आणि मग शाळा काढून बाकीचे सगळे परत मिळवले, त्याला शिकवणाऱ्याची किंमत कळलेली असते. आपल्या मुलांना आपले शिकवावे आणि उरलेला वेळ, उरलेली खोली, उरलेला बाक दुसऱ्यांच्या मुलांना द्यावा, हे त्या समाजाच्या बायकांनी करून दाखवले. २,४६६ माणसांचा समाज महाराष्ट्राला एवढे देऊन गेला आहे. आपण लाखोंनी आहोत, आणि धायरीच्या साइटवर बाक रिकामा ठेवण्याची सबब आपल्यापाशी नाही.